उलार बंडी

ग्यानबाच्या घरात दोन लाडाच्या गोष्टी होत्या. एक लिलाबाईची म्हैस आणि दुसरी ग्यानबाची बंडी. नवराबायकोपैकी प्रत्येकाला दुसऱ्याची गोष्ट डोळ्यांत सलायची आणि आपल्या गोष्टीविषयी मात्र कुणी ब्र काढलेला खपायचा नाही.

म्हशीचं नाव बिजली. ती रस्त्यानं निघाली की मागून येणारा मोटारसायकलवाला हॉर्न वाजवून थकायचा आणि शेवटी नालीच्या कडेनं गाडी काढायचा. तरी नाव बिजली. "वगार होती तवा लय उड्या मारे थे," असं लिलाबाई सांगायची, आणि त्या उड्या तिच्याशिवाय कुणी पाहिल्या नव्हत्या.

बंडी म्हणजे बैलगाडी. बैल कधीचेच विकले गेले होते. वावरात भाड्याचा ट्रॅक्टर चालायचा, गावात बंडी जुंपणारा कुणी उरला नव्हता. तरी ग्यानबाची बंडी अंगणात कडुनिंबाखाली उभी असायची, आणि दर उन्हाळ्यात तो तिच्या आसाला वंगण घालायचा. तरुणपणी तो नावाजलेला धुरकरी, म्हणजे गाडीवान, होता. कापसानं भरलेली बंडी त्यानं रिठदच्या उतारावरून, भर चिखलातून वाशिमच्या बाजारात नेलेली. हायवेवरच्या एका ढाबेवाल्यानं ही बंडी शोभेसाठी मागितली, तेव्हा ग्यानबानं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

"देऊन टाका," लिलाबाई म्हणायची. "अंगण अडवून राह्यली. कोनाले जुंपता आता हिले? मले अन् तुमाले?"

"तू त्या बिजलीले दे ना कोनाले. सरकीची ढेप खाते अन् डोये मिटून बसते."

"दूध देते थे. तुमची बंडी काय देते?"

ग्यानबा चाकावरची धूळ पंच्यानं झटकायचा आणि दुसरीकडे बघायचा.

सोयाबीन सोंगणीला आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आभाळ रोज दुपारी भरून यायचं. उभं पीक वाळलेलं, त्यावर एक पाऊस पडला तरी शेंगा फुटणार. मजूर मिळत नव्हते. अशा घाईत बिजली व्याली. पारडू थोराड होतं, डॉक्टरला बोलवावं लागलं, त्यानं आणि ग्यानबानं मिळून ते ओढून काढलं. वगार झाली, काळीभोर, कान लांब. लिलाबाईनं तिला पदरानं पुसलं. पण बिजली उठेना. पुढचे पाय टेकवायची, मान उचलायची, आणि मागचं अंग जमिनीला चिकटल्यासारखं तिथंच.

डॉक्टरनं सलाईन लावलं, पाय दाबून पाहिले.

"आतली नस दबली हाय, बाई. सुधरू शकते. पन बसून राह्यली तं अंगाले जखमा होतीन अन् मंग काई खरं नाई. रोज दोन टाईम उभी करा. आधार देऊन उभी धरा जराक वेळ. पायाले आठवन झाली पाह्यजे उभं राह्याची."

पहिले काही दिवस सगळी आळी आली. पोटाखालून बारदाना घातला, दोन्ही बाजूंनी लाकडाच्या जाड बल्ल्या लावल्या, आणि "हां, लाव जोर!" म्हणत माणसांनी बिजलीला उचललं. तिचे मागचे पाय हवेत लोंबायचे, मग टेकायचे, मग गुडघ्यात मुडपायचे. माणसांच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. कुणीतरी म्हणायचं, "लिलावैनी, ढेप कमी खाऊ घालत जा," आणि सगळे हसायचे. लिलाबाई सगळ्यांना चहा द्यायची, कोरा, कारण दूध वगारीला.

मग हसणं कमी झालं. शेजारच्या जगदेवच्या कमरेत लचक भरली. एकाचं सोयाबीन गंजीवर यायचं होतं, दुसऱ्याचं मळणीयंत्र आलेलं. ग्यानबा झुंजुमुंजू झालं की दारोदार फिरायचा. "जराक हात लावा ना भाऊ" हे वाक्य तो म्हणायचा तेव्हा त्याची नजर समोरच्याच्या उंबरठ्यावर असायची. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःची बंडी स्वतः भरली, त्याला हे म्हणताना काय होत असेल ते त्यालाच ठाऊक.

एके सकाळी तो जगदेवच्या दारात गेला. जगदेवची बायको विजयमाला दारात आली.

"अवो, थे तं कवाचेच वावरात गेले, ग्यानबाभाऊ."

उंबऱ्याजवळ जगदेवच्या चपला होत्या. एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. ग्यानबानं चपलांकडे पाहिलं, विजयमालेनंही पाहिलं.

"बरं बरं," ग्यानबा म्हणाला, आणि मागे फिरला. विजयमालेचं तोंड उतरलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि नवऱ्याची कमर रात्री तिनंच शेकली होती.

त्या दिवशी तिघांनीच प्रयत्न केला. ग्यानबा, लिलाबाई आणि सून रत्नमाला. बल्ली निसटली, बिजली कुशीवर पडली आणि लिलाबाईचा हात खाली सापडता सापडता राहिला. बिजलीनं एक लांब श्वास सोडला. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी वाहत होतं, त्यावर माशा बसत होत्या. लिलाबाई माशा हाकलत राहिली.

मुलगा नरेंद्र पुण्याला कंपनीत होता. त्यानं फोनवर सगळं ऐकलं आणि म्हणाला, "जेसीबी लावा ना बाबा. पट्टा टाकून उचलून घ्या."

"म्हैस हाय थे, मुरूम नोय," लिलाबाई फोनमध्ये ओरडली. आणि तसंही त्या बोळात जेसीबीची सोंडसुद्धा शिरली नसती.

ग्यानबानं त्याच दुपारी आणखी एक फोन केला. म्हशीच्या कोठ्यामागे जाऊन, हळू आवाजात. पण लिलाबाईचे कान म्हशीपेक्षा तिखट.

"कोनाले लावला फोन?"

ग्यानबानं फोन खिशात घातला.

"दलालाले लावला ना? त्या टेम्पोवाल्याले?"

"हाल होऊन राह्यले तिचे, लिला. तुयाच्यानं पाह्यवतात काय? मले नाई पाह्यवत. हा बाजार सोडून पुढल्या बाजाराच्या दिवशी येतो म्हने थो. उठली तं ठीक, नाई तं..."

"नाई तं काय? बोला ना. नाई तं कुठी नेते थो तिले?"

दोघांनाही ठाऊक होतं कुठे नेतो. लिलाबाई कोठ्यात गेली, बिजलीच्या पाठीला पाठ लावून बसली.

"मले बी टाका म्हना टेम्पोत," ती म्हणाली. "माहे बी गुडघे उठताना दुखतात."

त्या दिवशी घरात भाकरी रत्नमालेनं केली. कुणी धड जेवलं नाही.

रत्नमाला गावातल्याच शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवायची. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिनं लिहिलं, साधी यंत्रे. उतरण, कप्पी, चाक आणि आस, तरफ. पोरांनी एका सुरात म्हटलं, "तरफ म्हणजे टेकूभोवती फिरणारा ताठ दांडा." पुढे टेकू, भार, बल. भार म्हणजे जो उचलायचा तो, बल म्हणजे आपण लावतो ते. टेकूपासून आपण जितके लांब, तितकं कमी बल लागतं. पोरांना हे सगळं पाठ होतं आणि पाठ असलेल्या गोष्टीत असतो तितकाच त्यांना रस होता.

प्रसेनजितनं हात वर केला. तो वर्गातला अंगानं सगळ्यात भारी गडी.

"मॅडम, तुमची म्हैस उठली काय?"

"नाही रे," रत्नमाला म्हणाली. ती पुस्तकातल्या चित्राकडे पाहत होती. चित्रात सीसॉ होता, एका टोकाला जाडा मुलगा, दुसऱ्या टोकाला बारकी मुलगी, आणि बारकी मुलगी टेकूपासून पार लांब बसलेली. रत्नमालेला हे चित्र शिकवून कितीतरी वर्षं झाली होती. पण मधला टेकू तिला आज पहिल्यांदा चाकासारखा दिसला.

संध्याकाळी तिनं सासऱ्यापुढे अंगणात काडीनं रेघ ओढली.

"मामाजी, हे पाहा. ही तुमची बंडी. मधी चाक. चाकाच्या मागं बंडी आखूड, पुढं धुरा धरून जुवापर्यंत लांब. खरं ना?"

"खरं."

"आपलं अंगण उंच हाय अन् कोठ्यापुढची जागा गुडघाभर खाली. बंडी अंगणाच्या काठावर उभी करू. बिजलीले खालून काठाशी आणू. तिच्या पोटाखालचे पट्टे बंडीले बांधू अन् दुसरं टोक आपण दाबू. माणसं कमी लागतील."

ग्यानबाच्या तोंडावर जे आलं ते लिलाबाईनं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. कुणीतरी त्याच्या बंडीला काम सांगत होतं. तो लगेच उठला, ताडपत्री काढली, चाक हलवून पाहिलं.

"पट्टे मागच्या टोकाले बांधायचे," रत्नमाला म्हणाली. "अन् जू वर राहीन सुरुवातीले, आभाळाकडं. मंग आपण जू खाली ओढायचं."

ग्यानबाचा हात चाकावरच थांबला.

"म्हंजे बंडी उलार करायची?"

"हो."

"माही बंडी उलार नाई होनार."

हे बाहेरच्याला कळायचं नाही. बंडी भरताना वजन मागे जास्त झालं की पुढचं टोक वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास लागतो. त्याला उलार म्हणतात. चांगला धुरकरी माल असा रचतो की जुवाचा थोडासा भार बैलांच्या मानेवर राहावा. ग्यानबाच्या देखत एकदा रिठदच्या उतारावर एकाची बंडी उलार झाली आणि बैल जागेवर गेला. ज्याची बंडी उलार होते त्याला गाव धुरकरी म्हणत नाही. इतक्या वर्षांत ग्यानबाच्या बंडीचं तोंड एकदाही वर गेलं नव्हतं. ते आता, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, भर अंगणात आभाळाकडे करायचं?

"बैल कुठी हायेत आता?" लिलाबाई म्हणाली. "कोनाले फास लागते?"

"तुले नाई समजत."

"मामाजी, पण मागं आखूड..."

"मी सांगतो तसं करू. जुवाकडून बांधू म्हशीले अन् मागून दाबू. काई फरक नाई पडत. बंडी तेच हाय."

रत्नमालेनं सासऱ्याकडे पाहिलं आणि काडी टाकून दिली. फरक पडतो हे तिला ठाऊक होतं. पण त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद इतक्यात पुसायला तिला जड गेलं.

सकाळी शाळेआधी ती आपली पोरं घेऊन आली. प्रसेनजित, ऋषिकेश, साक्षी आणि आणखी बरीच. सगळ्यात शेवटी भागिरथा, आजीचं नाव ठेवलेली, वर्गातली सगळ्यात किडकिडीत पोरगी, दप्तर तिच्यापेक्षा मोठं. पोरांनी आधी बिजलीला ओढायचं काम केलं. खाली मळणीतल्या भुशाचं कुटार पसरलं, वर ओली ताडपत्री, आणि त्यावरून ती घसरत काठाशी आली.

"घर्षण कमी केलं," ऋषिकेश म्हणाला.

"गप ओढ," साक्षी म्हणाली.

बिजलीच्या पोटाखालून जुन्या गोधड्यांचे पट्टे घातले, एक पुढच्या पायांमागे, एक मागच्या पायांपुढे, कासेला न लागेल असा. ग्यानबानं बंडी काठावर आणली, जू म्हशीच्या वर. नाड्यांनी पट्टे जुवाला बांधले. पोरं बंडीच्या मागच्या बाजूला चढली. सगळी. ग्यानबाही लटकला. लिलाबाईही. बंडी करकरली. जू बोटभर हललं आणि थांबलं. बिजली तशीच बसून रवंथ करत होती.

"अजून दाबा!"

"आजोबा, अजून आमी कुठून आनू?" प्रसेनजित म्हणाला. घामानं त्याचा शाळेचा शर्ट अंगाला चिकटला होता.

साक्षी खाली उतरली. तिनं मागच्या टोकापासून चाकापर्यंत पावलं टाकली, मग चाकापासून जुवापर्यंत.

"मॅडम, हे तं उलटं झालं ना? म्हैस लांब हाय अन् आपन जवय हाव. पुस्तकात बारकी पोरगी लांब बसते."

पोरं ग्यानबाकडे पाहू लागली. लिलाबाईही त्याच्याकडे पाहत होती, पण रागानं नाही. तिला त्याच्या बैलांची नावं अजून पाठ होती, त्याच्या बंडीत बसूनच ती या घरात आली होती, आणि रिठदचा तो उतार तो तिला किती वेळा सांगून बसला होता. तिनं बिजलीच्या कानामागे खाजवलं आणि एवढंच म्हणाली, "बाजार जवय आला."

ग्यानबानं पंचा डोक्याला घट्ट बांधला. जुवाचा नाडा सोडला.

"फिरवा मंग," तो म्हणाला.

बंडी फिरवली. मागचं टोक काठाबाहेर, म्हशीच्या वर आलं. पट्टे बांधण्यासाठी ते टोक खाली घ्यावं लागलं, आणि जू वर, वर, निंबाच्या फांद्यांपर्यंत गेलं. नेमका त्याच वेळी दुधाच्या कॅनी घेऊन चाललेला देवमन रस्त्यात थांबला.

"अरे बाप्पा! ग्यानबाभाऊची बंडी उलार!"

ग्यानबाचे कान लाल झाले. त्यानं वर पाहिलं नाही. नाडा ओढून गाठ मारली, ती सोडून पुन्हा मारली.

"बसा रे पोट्टेहो," तो म्हणाला.

जुवाला पोरं लोंबकळली. मजा अशी झाली की बिजली उचलायच्या आधी बंडीच मागे घरंगळायला लागली. चाकं काठाकडे सरकली, लिलाबाईनं किंकाळी फोडली, ग्यानबानं अंग चाकाखाली घालायचंच बाकी ठेवलं. पोरांनी पटापट उड्या मारल्या.

"तुया चित्रात टेकूले चाकं नव्हती, रत्नमाला," ग्यानबा धापा टाकत म्हणाला.

"नव्हती, मामाजी," ती म्हणाली, आणि भीती ओसरल्यावर येतं तसं तिला हसू आलं. मग तिला पाहून ग्यानबालाही आलं.

त्यानं चाकांपुढं-मागं धोंडे लावले, आस निंबाच्या खोडाला दोरानं जखडला, हात लावून, पाय लावून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग पोरं पुन्हा लटकली. जू हळूहळू खाली आलं, पोरांचे पाय जमिनीला लागले, आणि काठाखाली बिजलीचं काळं अंग जमिनीपासून सुटून वर आलं. गडबडीनं लिलाबाई खाली गेली, मागचे खूर हातानं धरून सरळ टेकवले. बिजली उभी होती. पट्ट्यांत, लोंबकळत, पण उभी. तिनं आधी उभ्यानं लघवी केली, भरपूर, आणि लिलाबाई त्या शिंतोड्यांत उभी राहून रडायला लागली.

"मॅडम," ऋषिकेश जुवावर बसून म्हणाला, "आमी एवढे खाली आलो अन् म्हैस एवढीशीच वर गेली."

"हो. जोर कमी लावला, तं अंतर जास्त जावं लागलं. फुकट नाही मिळत."

"खरं हाय," ग्यानबा म्हणाला. त्याचे दोन्ही तळवे जुवाखाली होते. पोरांचं आणि म्हशीचं असं दोन्हीकडचं वजन त्याला हातात कळत होतं. कित्येक वर्षांनी त्याच्या हातांना काही कळत होतं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी शाळेआधी आणि शाळा सुटल्यावर. बातमी गावभर गेली. देवमननं उलार बंडीची गोष्ट दुधाबरोबर घरोघर पोचवली होती, पण ती ऐकून जे हसायला आले ते पाहून गप्प झाले आणि थांबले. जगदेव एका संध्याकाळी कमरेवर हात ठेवून आला. तारेच्या अंगठ्याची चप्पल पायात. जगदेवनं कुटाराचं पोतं आणलं होतं, ते बिजलीखाली पसरलं, आणि जाताना म्हणाला, "सोयाबीन झालं की येतो रोज." ग्यानबा म्हणाला, "कमर सांभाय."

एका सकाळी साक्षीची शाळेत पाणी भरायची पाळी होती, ती आली नाही. तिच्याशिवायच जू खाली आलं. पोरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ग्यानबाचं होतं.

"एक पोट्टं उतर पाहू," तो म्हणाला. एक उतरला. जू तिथंच राहिलं.

"अजून एक."

रत्नमाला पुढं आली. तिला कळलं. बंडी तीच, अंतर तेच. पोरं कमी लागत होती याचा अर्थ पलीकडे भार कमी झाला होता. बिजली काही बारीक झाली नव्हती. तिचं उरलेलं वजन तिच्या स्वतःच्या पायांवर गेलं होतं.

"आत्याबाई," ती खाली ओरडली, "पाय टेकून राह्यली थे! स्वतःहून टेकून राह्यली!"

"मले नोको सांगू," लिलाबाई म्हणाली. ती बिजलीच्या मांडीवर तळहात ठेवून बसली होती. "मले हाताले लागते इथं. मांस हलून राह्यलं."

तेव्हापासून पोरांमध्ये भांडणं लागली. रोज कुणीतरी कमी होत होतं आणि कुणालाच कमी व्हायचं नव्हतं. प्रसेनजितला सगळ्यात आधी काढलं. तो इतका रुसला की लिलाबाईनं त्याला वगारीला दूध पाजायचं काम दिलं. मग ऋषिकेश गेला. भागिरथा रोज विचारायची, "माहा नंबर कवा?" तिला ग्यानबानं सांगितलं होतं, तू सगळ्यात शेवटी. एकटी. जू तू एकटी खाली आणशील, तेव्हा म्हैस चांगली झाली म्हणायची. हे ऐकल्यापासून ती जेवताना जास्तीची भाकरी मागते असं तिची आई सांगत होती.

बाजाराचा दिवस उजाडला. टेम्पो येणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. ग्यानबानं दलालाला पुन्हा फोन लावायचा दोनदा विचार केला आणि दोन्ही वेळा फोन खिशात ठेवला. बिजली आधारानं उभी राहत होती, पण आधार काढला की मागचे पाय थरथरून बसायची. हे अर्धवट बरं होणं कुठवर चालणार, पोरांची दिवाळीची सुट्टी लागली की कुठून पोरं आणणार, हे प्रश्न त्याच्या डोक्यात होते. लिलाबाईनं सकाळी बिजलीला आंघोळ घातली, शिंगांना तेल लावलं. कशासाठी, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

सोयाबीन उरकून आलेल्या जगदेवनं मागच्या टोकाला बसून जू वर केलं. पट्टे बांधले. भागिरथा शाळेच्या गणवेशात, तेल लावून, दोन वेण्या घालून आली. आज तिचा नंबर होता. बोळाच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला.

ग्यानबानं भागिरथेला उचलून जुवाकडे नेलं. तिनं दोन्ही हात वर केले, बोटं लाकडाला लागणार इतक्यात खालून लिलाबाईचा आवाज आला.

"थांबा! थांबा जरासे!"

टेम्पोच्या आवाजानं असेल, किंवा वगारीनं प्रसेनजितच्या हातातून सुटून कासेला ढुशी दिली त्यानं असेल. बिजलीनं मान पुढे घातली, पुढचे पाय रोवले आणि मागचं अंग एका झटक्यात वर फेकलं. ते डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, आणि थांबलं. पट्टे पोटाखाली सैल पडले. आणि वर अंगणात, कुणीही हात न लावता, बंडीचं जू आपोआप खाली यायला लागलं.

ग्यानबानं भागिरथेला बाजूला ठेवलं आणि तळवे पुढे केले. जू त्याच्या हातांवर येऊन टेकलं. त्यात पलीकडचा काहीही भार नव्हता. फक्त बंडीचं स्वतःचं वजन, पुढे थोडंसं, बैलाच्या मानेवर राहावं तेवढं.

बिजलीनं एक पाऊल टाकलं, मागचा डावा पाय ओढत, मग दुसरं टाकलं. तेवढ्यानं ती कुटारापर्यंत पोचली आणि खायला लागली. लिलाबाईनं तिच्या गळ्यात हात टाकले.

दलाल अंगणात येऊन उभा होता. त्यानं म्हशीकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, आणि डोकं खाजवलं.

"उठली वाट्टे."

"उठली," ग्यानबा म्हणाला. "तुमाले हेलपाटा झाला, भाऊ. चहा घेऊन जा."

दलालाची नजर बंडीवर गेली. त्यानं चाकावर टिचकी मारली, फळ्यांचा साटा दाबून पाहिला.

"सागाची दिसते. ही तं देता काय? हॉटेलवाले शोभेसाठी घेतात. तुमची अडगळ बी जाईन."

ग्यानबानं तोंड उघडलं, पण लिलाबाई चढ चढून वर आली होती. तिच्या लुगड्याला शेण, हाताला तेल.

"अडगळ कोनाले म्हनता?" ती म्हणाली. "कामाची बंडी हाय थे. चहा प्या अन् निंघा."

ग्यानबा तिच्याकडे बघतच राहिला. मग उगाच वाकून आसाला वंगण आहे का ते पाहू लागला. ते होतंच, पण तो बराच वेळ वाकलेला राहिला.

रडण्याचा आवाज आला तेव्हा कुठे सगळ्यांचं भागिरथेकडे लक्ष गेलं. ती निंबाला टेकून उभी होती, दोन्ही मुठी डोळ्यांवर.

"माहा नंबर होता," ती हुंदके देत म्हणाली. "म्हैस आपल्यानंच उठली. माहा नंबर तं आलाच नाई."

पोरं हसली. रत्नमाला तिला जवळ घ्यायला निघाली, पण लिलाबाईनं तिला थांबवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, बंडी करा उलार."

"आं?"

"करा म्हनते ना. पोरीचा नंबर होता."

रस्त्यावरून देवमन दुधाच्या कॅनी घेऊन येत होता. ग्यानबानं त्याला येताना पाहिलं. मग त्यानं पट्टे सोडले, जगदेव आणि प्रसेनजित मागच्या टोकाला बसले, आणि देवमनच्या देखत ग्यानबाच्या बंडीचं तोंड पुन्हा निंबाच्या फांद्यांपर्यंत गेलं. ग्यानबानं भागिरथेला दोन्ही हातांनी वर उचललं. तिनं जू पकडलं, डोळे पुसले, पाय दुमडून घेतले.

"उतरा रे मागचे, हयूहयू," ग्यानबा म्हणाला.

जगदेव उतरला, मग प्रसेनजित उतरला. भागिरथेनं एकटीनं जू खाली आणलं.